शनीच्या चंद्राचं वेळापत्रक

आमच्या गटात एक नियम होता, कोणीही न सांगितलेला. यान तिथे पोचेल तेव्हा आपलं वय किती असेल, हे मोठ्याने म्हणायचं नाही. मनातल्या मनात प्रत्येकाने ते मोजलेलं होतंच. माझं एकाहत्तर येत होतं. नुकतीच पीएच.डी. संपवून आलेली एक मुलगी होती, तीसुद्धा तोवर पन्नाशी ओलांडणार होती. आणि गटातल्या सर्वांत ज्येष्ठ, आमच्या मॅडम, चौऱ्याऐंशीच्या असणार होत्या. त्या मात्र हा नियम पाळत नसत. "मी काही बघायला नाही," असं त्या चहा मागवावा तितक्या सहज म्हणायच्या आणि पुढच्या मुद्द्याकडे वळायच्या.

यान जाणार होतं शनीच्या एका चंद्राकडे, एन्सेलाडसकडे. चंद्र लहानच. सुरतहून सरळ रेषेत अमरावती, एवढाच त्याचा व्यास. अंगावर सगळीकडे बर्फ. पण दक्षिण ध्रुवाजवळ त्या बर्फाला चार लांबच लांब भेगा आहेत, आणि त्या भेगांमधून पाण्याची वाफ आणि बर्फाचे कण अवकाशात उंच उडत असतात. म्हणजे खाली समुद्र आहे. त्या समुद्रात काय आहे हे बघायला बर्फ फोडून खाली उतरायची गरज नाही. फवाऱ्यातून नुसतं जायचं आणि जे तोंडात येईल ते चाखायचं. आमचं यान तेच करणार होतं.

करणार होतं म्हणजे, आमच्या मनाने. मंजुरी कशालाच नव्हती. होता तो प्रस्ताव. देशभर पांगलेले आम्ही बारा-तेरा जण तो सहा वर्षं लिहीत होतो.

माझं काम वेळापत्रकाचं. फवाऱ्यातून पार व्हायला यानाला फार तर एक-दोन मिनिटं मिळतात. इथून पाठवलेला संदेश तिथे पोचायलाच सव्वा तासाहून जास्त लागतो, उत्तर यायला पुन्हा तेवढाच. त्यामुळे ऐन वेळी यानाला काही सांगता येत नाही. सगळं आधी सांगून ठेवावं लागतं. कुठल्या सेकंदाला कुठलं उपकरण जागं करायचं, यानाचं तोंड कुठे वळवायचं, वीज कोणाला द्यायची आणि कोणाला थांब म्हणायचं. प्रत्येक उपकरणामागे एक माणूस असतो, आणि त्या माणसाला वाटतं की ती दोन मिनिटं आपलीच आहेत. मी त्या सगळ्यांच्या मध्ये बसलेली होते.

बसलेली म्हणजे सुरतच्या नवागामात, माझ्या वडिलांच्या, आबांच्या दोन खोल्यांत.

अठरा वर्षं मी बाहेर होते, दुसऱ्या शहरातल्या एका संशोधन संस्थेत. आई गेली, आणि वर्षभराने आबा न्हाणीत पाय घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. भाऊ गावाकडे, खान्देशात. त्याची शेती, त्याची मुलंबाळं. माझ्यामागे यातलं काहीच नव्हतं. गटाच्या बैठका एव्हाना संगणकावरच व्हायच्या, तेव्हा मी कुठे बसते याने कोणाला फरक पडत नव्हता. मी सामान बांधलं आणि सुरतला परत आले, ज्या खोलीतून गेले होते त्याच खोलीत.

आबांनी चाळीस वर्षं पॉवरलूमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, काढली. त्यात त्यांचे कान गेले. मी आणलेलं कानाचं यंत्र त्यांनी दोन दिवस लावलं आणि डब्यात ठेवून दिलं. "त्यामा नुसतं खातंच आयकू येस," म्हणाले. ते खरंच होतं. आमच्या भिंतीला लागूनच एक खातं आहे. लूम चालू झाले की ताटाळ्यातली भांडी थरथरतात. लहानपणी मला तो आवाज ऐकूच यायचा नाही, आता मात्र ऐकू यायचा. बैठकीत मी माझा आवाज बंद करून बसायचे. काही बोलायचं झालं तर आधी सगळ्यांची माफी मागायची, मग आवाज चालू करायचा, भराभरा दोन वाक्यं बोलायची आणि पुन्हा बंद. पुढे पुढे मी ती दोन वाक्यंही लिहूनच पाठवू लागले. पहिल्या सहा महिन्यांत, दूधवाला, डॉक्टर आणि भाजीवाली सोडली तर, मी दिवसाकाठी तोंडाने किती बोलत असेन याची मलाच शंका आहे. आबांशी पाटीवर लिहून बोलायचं. ते चौथीपर्यंत शिकलेले. अक्षरं मोठी काढायची आणि वाक्य लहान ठेवायचं.

मॅडमविषयी सांगायला हवं.

मी सुरतच्या मराठी म्युनिसिपल शाळेतली मुलगी. कॉलेजात इंग्रजी वाचता यायला लागलं, पण बोलायची वेळ आली की वाक्य मध्येच तुटायचं. संस्थेत लागले तेव्हा पहिल्याच वर्षी मला सगळ्यांसमोर उभं राहून माझं काम सांगायचं होतं. समोर तीसेक माणसं. मी तीन वाक्यं बोलले आणि चौथं सुचेना. फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. मागे कोणीतरी खोकलं. तेवढ्यात पहिल्या रांगेतून एक बाई उठल्या, माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि मराठीत म्हणाल्या, "तू मराठीत बोल. मी सांगते यांना."

मी बोलत गेले आणि त्या एकेक वाक्य इंग्रजीत सांगत गेल्या. मध्येच थांबून मला म्हणाल्या, "हे नीट नाही सांगितलंस, परत सांग." मी परत सांगितलं. चाळीस मिनिटं त्या उभ्या होत्या. शेवटी कोणीतरी प्रश्न विचारला, तेव्हा त्या म्हणाल्या, "तिला विचारा, काम तिचं आहे." आणि जागेवर जाऊन बसल्या. मॅडम मूळच्या नागपूरकडच्या. त्या दिवसापासून आमचं आपसातलं बोलणं मराठीतच झालं, अठरा वर्षं. त्या मला तू म्हणायच्या, मी त्यांना तुम्ही.

मॅडमचं उपकरण म्हणजे उष्णता टिपणारा कॅमेरा. त्या भेगा आजूबाजूच्या बर्फापेक्षा गरम असतात. कुठे किती गरम हे कळलं, तर फवारा नेमका कुठून येतो आणि बर्फ तिथे किती पातळ आहे याचा अंदाज येतो. या कॅमेऱ्यावर त्यांनी चौदा वर्षं घालवली होती, आमचा प्रस्ताव सुरू व्हायच्या कितीतरी आधीपासून. निवृत्तीला वर्षभर राहिलं होतं. प्रस्ताव निघाला तर कॅमेरा जाणार होता, त्या असोत नसोत.

सुरतला आल्यावर वेळापत्रकाचा गुंता मला पडद्यावर उलगडेना. कुठलं उपकरण कुठल्या बाजूला बघतं हे हातात धरून बघावंसं वाटायचं. एका सकाळी मी शेजारणीकडून साड्यांचे रिकामे खोके मागून आणले आणि कापायला बसले. शेजारीण मराठवाड्यातली, परभणीकडची. नवरा लूमवर, आणि ती दिवसभर घरी बसून साड्यांवर खडे चिकटवते, माझी आई चिकटवायची तसेच. गोंदही तिनेच दिला.

आबा खाटेवरून बघत होते. थोड्या वेळाने उठून आले आणि माझ्या हातातली कात्री काढून घेतली, कारण मी वाकडं कापत होते. दोन सकाळी आम्ही दोघं फरशीवर बसून ते यान करत होतो. मी पाटीवर मापं लिहायची, ते कापायचे. मोठी गोल अँटेना त्यांनी ताटावरून आखली. रडारच्या लांब काड्यांसाठी झाडूच्या काड्या घेतल्या. पुढच्या बाजूला वायू आत घेणारं तोंड, खालच्या बाजूला मॅडमचा कॅमेरा, त्याला मी लाल कागद चिकटवला.

सगळं झाल्यावर आबांनी ते उचलून फिरवून फिरवून बघितलं.

"यामा मानूस कोठे बठस?"

मी पाटीवर लिहिलं : माणूस नाही बसत.

"मंग चालाडस कोन?"

कोणी नाही. आधीच सांगून ठेवायचं.

"आन रस्तामा काही व्हयनं तं?"

मी लिहिलं : त्याचं त्याने बघायचं.

आबांनी खोक्याच्या पुढच्या तोंडात डोकावून बघितलं. मग म्हणाले, "एकलंच?"

मी मान हलवली. त्यांनी यान कपाटावर नीट ठेवलं, भिंतीपासून जरा पुढे ओढून, म्हणजे लूमच्या हादऱ्याने पडायला नको.

शेजारणीला मात्र काम सांगताना पंचाईत झाली. "दिवसभर काय करायलाव ताई?" तिने विचारलं. मी म्हटलं, शनीला यान पाठवायचंय, त्याची तयारी चाललीय. तिच्या हातातली खड्यांची पुडी तशीच राहिली.

"शनीला? अन् मुद्दामहून?"

"शनीला म्हणजे, त्याच्या एका चंद्राला."

"लोकं शनी मागं लागू नये म्हणून तेल वाहतात ओ. अन् तुम्ही सवता होऊन त्याच्या दारात चाललाव?"

ती हसत नव्हती. त्या शनिवारपासून ती मारुतीला माझ्या नावाचं तेल वाहू लागली. मी नको म्हटलं तर म्हणाली, "तुम्ही तुमचं काम करा. माझं मी करते."

मग वजनाची गोष्ट निघाली. जे रॉकेट मिळण्याची शक्यता होती ते एवढं वजन शनीपर्यंत पाठवू शकणार नव्हतं. सगळ्यांनी आपापलं थोडंथोडं कमी केलं, तरी भागेना. एक उपकरण पूर्ण काढायला हवं होतं. गटाचे प्रमुख शांत, सावध गृहस्थ. त्यांनी मला एकटीला फोन केला.

"मी कोणालाही विचारलं तरी तो दुसऱ्याचं काढा म्हणेल," ते म्हणाले. "वेळापत्रक तुझ्याकडे आहे. प्रत्येक उपकरणाला खरोखर किती काम करता येतं ते तुलाच माहीत. पुढच्या बैठकीत तू सांग."

मला वाटलं होतं की रडार निघेल. त्याचं वजन जास्त, वीजही जास्त खातं. मी आकडे मांडले, पुन्हा मांडले. मग कपाटावरचं खोक्याचं यान काढलं आणि हातात धरून हळूहळू चालवलं, खुर्चीवर ठेवलेल्या वाटीवरून, वाटी म्हणजे चंद्र. आणि मला दिसलं.

कॅमेऱ्याला भेग नीट टिपायची तर तिच्यावर नजर खिळवून ठेवावी लागते. यान पुढे पळतंय, भेग मागे जातेय, म्हणजे अख्ख्या यानाला वळत राहावं लागणार. पण यान वळलं की पुढचं तोंड फवाऱ्यापासून फिरतं आणि वायू आत येत नाही. दोन्ही एका वेळी होत नव्हतं. कॅमेऱ्याला काही फेऱ्या वेगळ्या द्याव्यात तर फेऱ्याच मोजक्या, इंधन तेवढंच. आणि आम्ही चाललो होतो ते चाखायला. फवारा पार झाल्यावर कॅमेऱ्याला वेळ मिळत होता, पण तोवर यान इतकं दूर गेलेलं असे की भेगा पुसट दिसल्या असत्या. म्हणजे मॅडमचा कॅमेरा एवढ्या लांब जाऊन बहुतेक वेळ बंदच राहणार होता.

मी लाल कागदाची ती बाजू बोटाने झाकून यान पुन्हा वाटीवरून नेलं. सगळं सुरळीत बसत होतं.

बैठकीला चार दिवस होते. त्या चार दिवसांत मी मॅडमना फोन केला नाही. हे मला नीट सांगायचंय, कारण त्याविषयी मी स्वतःशी बऱ्याचदा खोटं बोलले आहे. प्रमुखांनी बैठकीआधी बोलू नकोस असं सांगितलेलं नव्हतं. आकडे चुकले असतील अशी शंकाही मला नव्हती. मी रोज सकाळी फोन हातात घ्यायचे आणि ठेवायचे. त्यांचा आवाज ऐकला की आपण आकडे जरा वाकवू, कुठेतरी एखादी फेरी त्यांना काढून देऊ, अशी भीती होती. पण त्याहून मोठं कारण साधं होतं. त्यांना वाईट वाटेल ते मला ऐकायचं नव्हतं. इतर दहा माणसं हजर असली की त्या काही बोलणार नाहीत, हे मला माहीत होतं.

बैठक सकाळी दहाची. पलीकडचं खातं जोरात चालू होतं. मी आवाज चालू केला, आवाजाची माफी मागितली आणि इंग्रजीत सांगायला सुरुवात केली. आता मला इंग्रजीत अडखळायला होत नाही. सात-आठ मिनिटांत सांगून संपलं. पडद्यावर सगळ्यांचे छोटे छोटे चौकोन. मी मॅडमच्या चौकोनाकडे बघत नव्हते.

प्रमुख म्हणाले, "मॅडम, तुम्हाला काही विचारायचंय?"

मॅडमनी चष्मा काढला, पुसला. "तिसऱ्या तक्त्यात वळण्याचा वेग किती धरलाय?"

मी सांगितला.

"हं." त्यांनी काहीतरी लिहिलं. "बरोबर आहे. आकडे बरोबर आहेत."

मग त्या मराठीत बोलल्या. बैठकीत, सगळ्यांसमोर, मराठीत. "तुला केव्हा कळलं?"

मी म्हटलं, "चार दिवस झाले."

त्यांनी मान डोलावली. प्रमुख पुढच्या मुद्द्याकडे वळले. थोड्या वेळाने मी पाहिलं तेव्हा त्यांचा चौकोन तिथे नव्हता.

दुपारी मी फोन केला. उचलला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा केला. मग लिहिलं. पहिलं पत्र लांबलचक होतं, त्यात निम्मं तर आकड्यांचं समर्थन. ते पाठवून लगेच पस्तावले. दुसरं दोनच ओळींचं. उत्तर आलं नाही. काही महिन्यांनी त्या निवृत्त झाल्या. निरोपाचा समारंभ संस्थेत होता. मला सर्वांना गेलेलं आमंत्रण आलं, त्यांचं वेगळं असं काही नाही. आबांना एकटं टाकून कशी येऊ, असं मी कळवलं. आबा तेव्हा काठी घेऊन नाक्यापर्यंत जात होते, आणि शेजारीण एक दिवस बघायला तयार होती.

त्यानंतर मी कामात बुडाले. आता वेळापत्रकात कुठेही अडचण नव्हती. ते इतकं सुबक बसलं होतं की गटातल्या लोकांनी कौतुक केलं. मॅडम असत्या तर कौतुक केलं नसतं, चूक शोधली असती. बाकीच्यांपैकी कोणी चूक शोधत नव्हतं.

पावसाळा संपता संपता एका सकाळी आबा म्हणाले, "माय, मी गावले जास."

मी पाटी घेतली. किती दिवस?

"दिवस नही. आते तठेच ऱ्हासू."

का, असं मी लिहिलं. औषधं, डॉक्टर, इथे सगळं जवळ आहे, असंही लिहिलं. पाटी भरली. त्यांनी ती वाचली, पुसली आणि मांडीवर ठेवली. त्यांच्याबरोबर खात्यात असलेली माणसं एकेक करून गावी गेली होती, काही वारली होती. नाक्यावर बसायला आता कोणी नव्हतं. हे त्यांनी सांगितलं आणि मग म्हणाले, "आठे मन्हं कोन शे? तू शे. पन तू तं दिनभर तठेच ऱ्हास."

तठे, म्हणजे तिथे, म्हणताना त्यांनी वर बोट केलं नाही. पडद्याकडे केलं.

त्यात राग नव्हता. आबा रागावले की ओरडतात, त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. हे ते हळू बोलले.

भाऊ न्यायला आला. उधना स्टेशनवर मी त्यांना गाडीत बसवलं. आबांनी खिडकीजवळची जागा घेतली. मी खाली उभी. पाटी घरी राहिली होती. गाडी सुटेपर्यंतची दहा मिनिटं आम्ही एकमेकांकडे बघून नुसती मान हलवत होतो. सुटताना ते मोठ्याने, अख्ख्या डब्याला ऐकू जाईल असे, म्हणाले, "जेवन येळवर करत जाय!"

घरी आल्यावर मला पहिल्यांदा जाणवलं, ते असं. मी सुरतला आले ते आबांसाठी. आता आबा इथे नव्हते, आणि संस्थेतली माझी खोली दुसऱ्या कोणाला दिली गेली होती. इंटरनेट चांगलं होतं म्हणून मी तिथेच राहिले. कोणी विचारलं असतं तर मला एवढंच सांगता आलं असतं. कोणी विचारलं नाही.

भाऊ रविवारी व्हिडिओ लावायचा. आबांना ऐकू येत नाही, तेव्हा मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून पडद्यासमोर धरायचे. ते डोळे बारीक करून वाचायचे. कागद उलटा दिसतो का, सुलटा दिसतो का, यातच अर्धा वेळ जायचा. ते तिथे खूश होते. मागे माणसं बसलेली दिसायची, कोणीतरी त्यांच्या खांद्याला हात लावून काही सांगत असायचं. मला आनंद व्हायचा, आणि फोन बंद केला की खोली नको वाटायची.

प्रस्ताव निवड समितीपुढे गेला. आम्ही पाच जण प्रत्यक्ष मांडायला गेलो. माझी पंचवीस मिनिटं होती. समितीत एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, "भेगांचं तापमान तुम्ही मोजतच नाही?"

"नाही सर. मोजता येईल असं उपकरण आम्ही काढलं."

"का?"

मी कारण सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "कारण पटण्यासारखं आहे," ते म्हणाले. "पण मग तुम्ही फवारा चाखणार, आणि तो कुठून आला हे सांगू शकणार नाही." त्यांनी ते दोष म्हणून म्हटलं नाही, नुसतं नोंदवलं. मला त्या क्षणी मॅडम शेजारी उभ्या असाव्याशा वाटल्या. त्यांच्याकडे या प्रश्नाचं चांगलं उत्तर असतं.

निकाल दोन महिन्यांनी आला. कल्पना उत्तम आहे, पुढच्या वेळी विचार करता येईल, सध्या नाही. प्रमुखांनी सर्वांना आभाराचं पत्र लिहिलं. पीएच.डी. झालेली मुलगी परदेशी गेली. बाकीचे आपापल्या जुन्या कामांना लागले. भांडण नाही, तंटा नाही. आठवड्याची बैठक एकदा रद्द झाली, मग दुसऱ्यांदा, आणि मग ती कोणी लावलीच नाही. पण मी दहा वाजता संगणकापुढे बसत राहिले, दोन-तीन आठवडे तरी.

शेजारीण खोके द्यायला आली होती, मी एकदा मागितले तेव्हापासून तिला ती सवयच लागलेली. मी तिला सांगितलं, "नाही म्हणाले ते. यान जाणार नाही."

"नाही म्हणले?" तिचा चेहरा एकदम उजळला. "बरं झालं की ओ ताई! सुटलाव तुम्ही!" मग तिने माझ्याकडे पाहिलं. खोके खाली ठेवले. "किती दिवसाचं काम होतं?"

"सहा वर्षांचं."

"सहा वर्साचं," ती म्हणाली. ती गेली, आणि मला वाटलं आता येणार नाही. पण ती आपली साडी, खडे आणि गोंद घेऊन परत आली, दाराजवळच्या उजेडात बसली आणि काम करू लागली. दुपारी तिने डबा उघडला, ठेचा आणि भाकरी होती, अर्धी माझ्यापुढे ठेवली. चारच्या सुमारास साडी घडी करून उठली. "शनिवारी तेल घालतेच," म्हणाली. "आता सवय झालीय."

पुढे मी संस्था सोडली, आणि मला सुरतमध्येच एका कॉलेजात शिकवायचं काम मिळालं. त्यानंतर तीनेक महिन्यांनी एका सकाळी वर्गावरून परतताना फोन वाजला. मॅडम.

"बोलू शकतेस का?"

मी व्हरांड्यात कठड्याला टेकले. हो म्हटलं.

"आपल्या वेळापत्रकात कॅमेरा किती वेळ गार ठेवावा लागतो त्याचा तक्ता होता. तुझ्याकडे आहे का?"

"आहे."

"एक गट आपल्या चंद्राच्या ध्रुवावरचे खड्डे बघायचं म्हणतोय, जिथे ऊन कधी पडत नाही आणि बर्फ आहे. त्यांना असा कॅमेरा हवाय. मी त्यांना मदत करतेय, अधूनमधून."

मी तक्ता कुठे आहे ते सांगितलं, त्यातली कुठली ओळ बदलावी लागेल ते सांगितलं. त्यांनी दोन गोष्टी खोडून काढल्या. पंधरा-वीस मिनिटं आम्ही गारवा आणि वीज याबद्दलच बोलत होतो. त्या फोन ठेवायच्या बेतात होत्या तेव्हा मी म्हटलं, "मॅडम, मी तेव्हा आधी फोन करायला हवा होता."

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला.

"केला असतास तर मी तुला थांबवायचा प्रयत्न केला असता," त्या म्हणाल्या. "आणि तू थांबली असतीस. ओळखते मी तुला. मग चुकीचं यान केलं असतं आपण."

"हो."

"तरी करायला हवा होतास."

"हो मॅडम."

"तक्ता पाठव," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

मी पाठवला. "मिळाला" एवढं उत्तर आलं.

त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांतून त्यांचा फोन येतो. काही आकडा हवा असतो, काही तपासून हवं असतं. पूर्वीसारखं नाही. पूर्वी त्या कामाचं बोलून झाल्यावर मला ओरडायच्या, हसायच्या, नागपूरच्या संत्र्यांची बढाई मारायच्या. आता काम संपलं की बोलणं संपतं. त्यांच्या गटात मला घ्या, असं मी म्हटलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. तरी फोन वाजला की मी वर्गातून बाहेर येऊन घेते. मुलं थांबतात.

गेल्या आठवड्यात आकडे सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे उन्हाळा लागला का?"

"लागला," मी म्हटलं. "यंदा जरा लवकरच."

"इकडेही," त्या म्हणाल्या. कामाशिवायचं एवढंच. पण ते त्यांनी आपणहून विचारलं.